फिल्टरचा वास

७ एप्रिल, रविवार

वहीच्या पुढच्या बाजूनं मालकानं तास लिहायला सांगितलेत. इंजन किती तास चाललं, ऑइल कधी बदललं, फिल्टर कधी झटकलं. मागच्या बाजूनं मी माझं लिहिणार. ही दिपाची आयडिया. दिपा माझी धाकटी बहीण, पाटोद्याला असते, आत्ताच बारावीची परीक्षा दिली. मागच्या कामावर मी एका क्रेनवाल्याचं नाक फोडलं आणि तिथून हाकलला गेलो, तेव्हा ती फोनवर म्हणाली, "दादा, राग आला की हात उचलू नको. लिही. कुणी वाचत नाही." सातवीत शाळा सोडलेल्या माणसाला ती लिहायला सांगते. बरं. लिहितो.

आजचा राग सटवाजी तात्यांवर.

गोरेगावच्या बाहेर अमृतराव काकांच्या रानात विहीर चालू आहे. अडतीस फूट झाली. काळा दगड लागलाय, टिकावानं काही होत नाही. म्हणून आमचा कंप्रेसर. दोन चाकांच्या गाड्यावर एका बाजूला डिझेल इंजन, दुसऱ्या बाजूला हवा दाबणारं हेड, खाली टाकी. तिथून काळा पाईप विहिरीत जातो. खाली सटवाजी तात्या आणि त्यांचा पुतण्या परमेश्वर त्या हवेवर मशीन चालवून दगडाला होल मारतात. संध्याकाळी सेनगावचा सुरुंगाचा लायसनवाला माणूस येतो, होलं भरतो, उडवतो. रात्रभर धूर विहिरीतच बसतो. सकाळी मी पाईप खाली सोडून अर्धा तास नुसती हवा मारतो. मग पहिल्यांदा सटवाजी तात्या उतरतात. त्यांच्या आधी कुणी उतरायचं नाही, हा त्यांचा नेम. खाली जाऊन दगडाला हात लावतात, नाकानं दोनदा हवा ओढतात आणि ओरडतात, "या रे!" मग बाकीचे.

मला ते नावानं हाक मारत नाहीत. गावाच्या नावानं मारतात. आज सगळ्यांसमोर म्हणाले, "ए पाटोदा, तुझं इंजन खोकून राहिलं का रडून राहिलं?" दगड वर ओढणारे क्रेनवाले हसले. परमेश्वर हसला. मी म्हणालो, "तुमी होल मारा, इंजन माझं मी बघतो." तर म्हणाले, "तुझं काहून? मालकाचं हाय. तू फक्त दोरी ओढतो."

पान्हा हातात होता. खाली ठेवला. लिहिलं. दिपा, बघ.

९ एप्रिल, मंगळवार

पाडवा. काम बंद. तात्या पुसेगावला घरी गेले, संध्याकाळी आले. त्यांच्या बायकोनं, यशोदाबाईनं, डबा भरून पुरणपोळ्या दिल्या होत्या. तात्यांनी डबा माझ्यापुढे सरकवला. "खा. तिकडं तुझ्या मायनं केल्या असतील, तेवढ्या गोड न्हाईत."

माय नाही मला. त्यांना काय माहीत. पण असं बोलायचंच कशाला? चार खाल्ल्या.

परमेश्वरनं सांगितलं, तात्या आधी लई प्यायचे. एकदा विहिरीच्या कडेवरून पडता पडता वाचले. दोन वर्षांपूर्वी पोरीनं, रागिणीनं, जेवण सोडलं. तीन दिवस. चौथ्या दिवशी तात्यांनी सोडली. तरी काकू अजून दारात उभी राहते. तात्या घरी आले की आधी त्यांच्या तोंडाचा वास घेते, मगच आत घेते. "गल्लीतली पोरं बघायला थांबतात," परमेश्वर म्हणाला. "तात्या तोंड उघडून उभे राहतात, डाक्टरला दात दाखवल्यासारखे."

मला हसू आलं. पण त्यांच्यासमोर हसलो नाही. उद्यासाठी ठेवलंय.

१० एप्रिल, बुधवार

आजचा राग लक्ष्मीबाईंवर, म्हणजे अमृतराव काकांच्या बायकोवर. सकाळी त्यांनी बाजेवर कुरडया घातल्या. वारं फिरलं आणि इंजनाचा सगळा धूर बाजेवर. त्या हातात झारा घेऊन आल्या.

"अरे बाबू, माझ्या कुरडया काळ्या होऊन राहिल्या! पाहुण्याला कुरडया तळू का कोळसे तळू?"

मी म्हणालो, "वारं काय माझ्या हातात हाय का मावशी?"

"वारं न्हाई. ते तोंड हाय ना तुझ्या हातात? ते फिरव तिकडं!"

ते तोंड म्हणजे सायलेन्सरचं. आधी त्याच्यावर उभा पाईप होता, सहा फुटी. मी कामावर यायच्या आधीच तो तुटून गेलेला. प्रमोद मालकाला, म्हणजे कंप्रेसरही त्याचा आणि विहिरीचा ठेकाही त्याचाच, तीनदा सांगितलं की नवीन वेल्डिंग करून घेऊ. हिंगोलीला बसून म्हणतो, "धूर तर हाय. कुठं बी जाईल. तुला काय त्याची माळ करायची हाय?" आता उरलंय ते फक्त वाकडं कोपर, घराकडे तोंड करून.

लक्ष्मीबाई तिथंच उभ्या. झारा कंबरेवर. डोकं सटकलं. इंजन बंद केलं, कोपराचा पट्टा ढिला केला, पान्ह्यानं दोन दणके घातले आणि तोंड उलटं फिरवलं. आता धूर हेडच्या अंगावरून मोकळ्या रानात जातो. तिकडं कुणी राहत नाही. कुणाला तकलीफ नाही.

लक्ष्मीबाईंनी दुपारी चहा पाठवला. सोबत एक काळी कुरडई. टोमणा होता की प्रेम, कळलं नाही. खाल्ली. धुरकट लागली.

१२ एप्रिल, शुक्रवार

हवा उतरली. मीटरवर शंभर पौंड असायचे, आज दुपारपर्यंत ऐंशीच्या वर काटा जाईना. खालून तात्या ओरडतात, "ए पाटोदा, फुंकर मारून राहिला का?" पट्टे ताणले. टाकीचा नळ उघडून पाणी काढलं. पाईपच्या सगळ्या जोडांना साबणाचं पाणी लावलं, कुठं बुडबुडा नाही. मग हवा जाते कुठं?

मालकाचा फोन. "तुझ्या आधीचा पोरगा होता तेव्हा असं कधी झालं न्हाई."

तुझ्या आधीचा पोरगा उभा पाईप तोडून पळाला, हे नाही सांगत.

१३ एप्रिल, शनिवार

पंचाहत्तर पौंड. हेड इतकं तापलं की वर भाकर भाजली असती. तात्या दुपारी वर आले, डोकं धरून बसले. म्हणाले, "डोकं फुटून राहिलं." जेवले नाहीत. मी म्हणालो, "काम सावकाश व्हायला काहीतरी कारण पायजेच." ते डोक्याला ओला रुमाल बांधून आडवे झाले. त्याचाच जास्त राग आला.

१४ एप्रिल, रविवार

आज काम नाही. अमृतराव काकांचं घर बौद्ध, सकाळीच सगळे निळे फेटे बांधून तयार. काका आमच्या खोपीपाशी आले, "जयभीम पाव्हणे, जेवायला यायचं, न्हाई म्हणायचं न्हाई." संध्याकाळी गोरेगावात मिरवणूक. तात्या लेझीमच्या पोरांत घुसून नाचले, पन्नाशीचा माणूस! काल मरायला टेकला होता. डोकं नाही, चक्कर नाही, दोन वाट्या खीर खाल्ली.

काम नसलं की तब्येत कशी ठणठणीत असते बघा.

१६ एप्रिल, मंगळवार

पासष्ट. मशीन खाली दगडावर नुसतं नाचतं, होल पडत नाही.

फिल्टर उघडलं. काळंभोर, चिकट. परवाच तर झटकलं होतं. इथली धूळ पिवळी, मुरमाची. काळं आलं कुठून? मी विचार केला आणि मला सापडलं. हेडमधली व्हॉल्व्हची प्लेट गेली असणार. हवा ओढताना उलटी मारते, सोबत ऑइल फेकते, ते फिल्टरवर बसून काळं होतं. म्हणूनच दाब नाही, म्हणूनच गरम. सगळं बराबर जुळतं. सातवी नापास म्हणतात मला!

गोरेगावच्या ग्यानोबा मिस्त्रींना फोन केला. म्हातारा चाळीस वर्षं इंजनं खोलतो. मी सगळं सांगितलं. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "फिल्टरचा वास घेतला का?"

"वास कशाला? डोळ्यांनी दिसतंय ना, काळं ऑइल हाय."

"डोळ्याला सगळंच काळं दिसतं बाबा. नाकाला लाव."

"मिस्त्री, तुमच्याकडं प्लेट हाय का न्हाई, तेवढं सांगा."

"हाय. ने. पण प्लेट बदलायच्या आधी वास घे."

म्हाताऱ्याला वाटतं आपण कुत्रं आहोत. जीपनं जाऊन प्लेट आणली.

१७ एप्रिल, बुधवार

हेड खोललं. प्लेट काढली. जुनी प्लेट चांगली होती. स्प्रिंगाही चांगल्या. तरी नवीन टाकली. फिल्टर डिझेलनं धुतलं, वाळवलं, बसवलं. चालू केलं. शंभर! काटा शंभरावर! मी आडवा होऊन हसलो. लक्ष्मीबाईंनी विचारलं, "काय रे बाबू, लगीन ठरलं का?"

मालकाला फोन करून सांगितलं. "आता तरी मान्य करा." तो म्हणाला, "तीन दिवस बघू."

१८ एप्रिल, गुरुवार

ऐंशी.

वही फेकून दिली होती. परत उचलली.

तात्या दुपारी क्रेनच्या पाळण्यातून वर आले तेव्हा पाय टेकवता येईना. कडेवर गुडघ्यावर बसले, ओकले. डोळे लाल. बोलताना जीभ जड. परमेश्वर होलाच्या खुणा करायला वर थांबला होता, त्यानं धरलं. क्रेनवाला म्हणाला, "तात्यानं लावली वाटतं." सगळ्यांना तेच वाटलं. मलाही. असाच दिसतो प्यालेला माणूस. माझा बाप रोज असाच दिसायचा.

तात्या म्हणत होते, "न्हाई रे, खाली गरम होतं, मी पाईप तोंडावर धरून बसलो होतो, हवा घेत होतो." खाली घामाघूम झालं की सगळेच असं करतात. मशीनचा पाईप काढायचा आणि गार हवा तोंडावर घ्यायची. दिवसभर घेतात, त्यानं कुणाला काही होत नाही. मी म्हणालो, "हवेनं माणूस ओकतो का?"

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. फोन त्यांच्या सदऱ्यात, सदरा माझ्या इंजनावर. मी उचलला. यशोदाबाई. "त्यायनी जेवलं का?" एवढंच विचारलं.

मी रागात होतो. ऐंशी पौंडाचा राग, मालकाचा, पाटोद्याचा. मी म्हणालो, "काकू, तात्या परत प्यायला लागलेत. आत्ता ओकून पडलेत."

 मग फोन बंद.

मी खोटं बोललो नाही. डोळ्यांनी पाहिलं ते सांगितलं.

१९ एप्रिल, शुक्रवार

प्रमोद मालक हिंगोलीहून गाडी घेऊन आला. गॉगल काढला नाही. तात्यांना म्हणाला, "माझ्या विहिरीवर दारू चालत न्हाई. उद्या तू खाली पडला तर मी जेलात जायचं का?"

तात्या म्हणाले, "मालक, माझं तोंड हुंगा."

"मी काय तुझी बायको हाय का?"

सगळे हसले. मी हसलो की नाही, आठवत नाही. बहुतेक हसलो.

तात्यांनी आपली घोंगडी गुंडाळली. जाताना माझ्याकडे आले. वाटलं मारतील, मी तयार होतो. ते म्हणाले, "ए पाटोदा, सकाळची हवा अर्धा तास बराबर मारत जा. परमेश्वरला आता पुढं उतरावं लागल." आणि जीपकडे गेले.

मारलं असतं तर बरं झालं असतं.

२० एप्रिल, शनिवार

सत्तर पौंड.  कुणी पाटोदा म्हटलं नाही.

२१ एप्रिल, रविवार

आज सगळं लिहायचं आहे. 

सकाळी अर्धा तास हवा मारली. परमेश्वर पहिला उतरला. दगडाला हात लावला, "या रे" म्हणाला. होलं मारायला लागले. अकराच्या सुमारास मशीनचा आवाज थांबला. मी वाट पाहिली. खाली वाकून बघितलं तर परमेश्वर भिंतीला टेकून बसलेला, पाईप तोंडाजवळ धरलेला. हवा घेत होता. मी ओरडलो, "काय झालं?" त्यानं हात हलवला, वेड्यासारखा. पाळण्यातून वर काढला. डोळे लाल. जीभ जड. ओकला.

परमेश्वर माळकरी आहे. गळ्यात तुळशीची माळ. कांदासुद्धा खात नाही. हा माणूस पिऊ शकत नाही. मेला तरी पिणार नाही.

मी उभाच राहिलो. क्रेनवाला म्हणाला, "ऊन लागलं." लक्ष्मीबाई पाणी घेऊन धावल्या. त्या म्हणाल्या, "खालीच काहीतरी हाय. विहीर बंद करा." अमृतराव काका म्हणाले, "खाली काही न्हाई. आपलं एवढं खोदकाम झालं तवर कुणाला काही झालं न्हाई. मग आताच काहून?"

आताच काहून. तेवढं माझ्या डोक्यात बसलं. कधीपासून? तात्यांचं डोकं तेरा तारखेला धरलं. त्याच्या आदल्या दिवशी हवा उतरली. चौदाला इंजन बंद, तात्या नाचले.

वही उघडली. पुढची बाजू नाही, ही मागची. दहा तारखेचं पान वाचलं. "कुणाला तकलीफ नाही."

इंजनापाशी गेलो. सायलेन्सरचं कोपर बघितलं. त्याच्या बराबर समोर, एका हातावर, कंप्रेसरचं हवा ओढायचं तोंड. मी दणके मारून धूर सरळ त्याच्या तोंडात दिला होता. अकरा दिवस कंप्रेसर इंजनाचा धूर ओढत होता, दाबत होता आणि मी तो पाईपानं खाली विहिरीत सोडत होतो. सकाळी अर्धा तास विहीर त्याच धुरानं भरायचो आणि म्हणायचो की हवा केली. आणि घाम आला की माणसं तोच पाईप तोंडाला लावायची, कारण सगळ्यांना माहीत आहे की कंप्रेसरची हवा चांगली असते.

फिल्टर काढलं. काजळीनं गच्च, म्हणूनच हवा उतरत होती. नाकाला लावलं.

ऑइलचा वास नव्हता. लक्ष्मीबाईंच्या कुरडईचा वास होता.

२२ एप्रिल, सोमवार

कोपर फिरवून इंजन बंद ठेवलं. मालकाला फोनवर सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "हे कुणापाशी बोललास?"

"अजून न्हाई."

"मग बोलू नको. तोंड फिरवलं ना? संपलं. सटवाजीला परत बोलवू चार दिवसांनी, सांगू की माफ केलं."

माफ केलं! मी म्हणालो, "त्यायला कोण माफ करणार? प्यालेच न्हाईत ते."

"तू कोण लागून गेला रे? सातवी नापास डाक्टर! तुलाच पुढं करीन मी, पाईप तूच फिरवला ना?"

"व्हय. मीच फिरवला. आणि उभा पाईप तुमी बसवला न्हाई. दोन्ही सांगणार."

काय काय बोललो ते लिहीत नाही, दिपानं कधी वाचलंच तर. पण हात उचलला नाही. माणूस हिंगोलीला होता, म्हणूनही असेल.

मला खात्री करायची होती. सगळ्यांना वर ठेवलं. माझं पांढरं बनियन पाण्यात भिजवलं, पाईपच्या तोंडाला बांधलं. कोपर परत त्या पापी जागेवर फिरवलं, इंजन चालू केलं, दहा मिनिटं. अमृतराव काका बघत उभे. बनियन सोडलं तर मधोमध काळा गोल. काकांनी बनियन हातात घेतलं, घराकडे बघितलं. लक्ष्मीबाई दारात होत्या. त्या म्हणाल्या, "मीच म्हणले ना रे, तोंड फिरव म्हणून."

"तुमी घराकडून फिरव म्हणले मावशी. कुठं फिरवायचं ते मला कळायला पायजे होतं. इंजन माझं हाय."

पहिल्यांदाच खरं वाटलं ते वाक्य. आणि पहिल्यांदाच नको वाटलं.

२३ एप्रिल, मंगळवार

आज पुसेगावला गेलो. बनियन पिशवीत. जीपमध्ये शेजारच्या बाईनं विचारलं, कशाचा वास येऊन राहिला? मी खिडकीबाहेर बघितलं.

घर शोधायला वेळ लागला नाही. "सटवाजी, तो पिऊन आला तो?" असं विचारून पोरानं रस्ता दाखवला.

तात्या घरात नव्हते. शेळ्यांच्या गोठ्यात बाज टाकून पडले होते. घोंगडी तीच. चार दिवस घरात घेतलं नव्हतं. यशोदाबाई दारात तांदूळ निवडत होत्या. मी नाव सांगितलं, प्रेमदास. त्यांना कळलं नाही. मग म्हणालो, "पाटोदा." तेव्हा हात थांबला.

"फोनवरचा तू?"

"व्हय काकू."

"आता अजून काय सांगायला आला?"

मी सांगितलं. इंजन, कोपर, कुरडया, फिल्टर, परमेश्वर. वाटेत पाठ करून आलो होतो, तरी उलटसुलट झालं. त्यांना इंजनातलं काही कळत नव्हतं. मग मी बनियन काढून दिलं. त्यांनी ते नाकाजवळ नेलं. बराच वेळ तसंच धरलं. मग खाली घेतलं आणि गोठ्याकडे न बघता म्हणाल्या, "दोन वर्षं झाली, हा घरी आला की ह्याच्या तोंडाचा वास घेते मी. एकदा बी चुकवला न्हाई. फोनवर तुझं ऐकलं आणि हा आला तेव्हा मी वास घेतलाच न्हाई. दारातूनच हाकललं. हा म्हणून राहिला, हुंग, एकदा हुंग. मी तोंड फिरवलं."

मी म्हणालो, "चूक माझी हाय."

"तुझी हायेच. माझी मला सांगू दे."

तात्या गोठ्यातून उठून आले. दाढी वाढलेली. बनियन बघितलं. मला वाटलं आता तरी मारतील. ते म्हणाले, "परमेश्वर कसा हाय?"

"बरा हाय. काल जेवला."

"हे मला काहून सांगून राहिला? मला माहीत होतं मी पिलो न्हाई." त्यांचा आवाज एकदम चढला. एवढ्या दिवसांत असा आवाज ऐकला नव्हता. "गल्लीला सांग! हिनं मला हाकललं तेव्हा गल्ली गोळा झाली होती. लेकरं टाळ्या पिटत होती. माझी पोरगी तोंड लपवून कॉलेजला जाऊन राहिली. तिथं उभा राहा आणि तिथं सांग!"

मी गल्लीच्या मधोमध उभा राहिलो. मला ओरडायला येतं, आयुष्यभर तेच केलंय. पण कुणाला शिवी न देता कसं ओरडायचं ते सुचेना. मग म्हणालो, "मी पाटोद्याचा प्रेमदास. कंप्रेसर माझ्याकडं असतो. सटवाजी तात्या दारू पिलेले नव्हते. मी त्यायला इंजनाचा धूर पाजला." दोनदा म्हणालो. एक म्हातारा म्हणाला, "मोठ्यानं, मला ऐकू येत न्हाई." तिसऱ्यांदा म्हणालो.

रागिणी दारात आली होती. तिनं बापाकडे बघितलं नाही. आत गेली आणि पाण्याचा तांब्या आणून तात्यांच्या हातात दिला. मला नाही दिला. बराबर केलं.

निघताना विचारलं, "तात्या, कामावर येता का?"

"मालक?"

"अमृतराव काकायनी त्याला सांगितलं, सटवाजी आला तरच विहीर पुढं. न्हाईतर गाडा उचल."

तात्यांनी तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "पाईप?"

"उद्या ग्यानोबा मिस्त्री वेल्डिंग करणार. सात फुटी. वारं बघून गाडा उभा करणार, ओढायचं तोंड वाऱ्याकडून."

"येतो. पण एक हाय. आधी तू उतरायचं."

२४ एप्रिल, बुधवार

पाईप बसला. ग्यानोबा मिस्त्रींनी वेल्डिंग करताना एकदाच विचारलं, "वास घेतला?" मी म्हणालो, "घेतला." "कधी?" मी वेल्डिंगचा रॉड पुढे केला. त्यांनी काच डोळ्यांवर घेतली आणि ठिणग्या उडाल्या. पाईपाचे पैसे मालकानं नाही दिले म्हणे, त्यांनी मागितलेही नाहीत. फिल्टर नवीन. पट्टे ताणले. ऑइल बदललं. मीटरवर शंभर. मला काही आनंद झाला नाही.

२५ एप्रिल, गुरुवार

सकाळी तात्या आले. परमेश्वरही. तात्यांनी इंजन सगळ्या बाजूंनी बघितलं, उभ्या पाईपाच्या वर धूर जाताना बघितला, ओढायच्या तोंडासमोर हात धरला. मग माझी जागा घेतली. इंजनापाशी उभे राहिले. मला म्हणाले, "बस पाळण्यात."

विहिरींच्या कामांवर दोन वर्षं झाली, मी कधी खाली उतरलो नव्हतो. पाळणा खाली जाताना उजेड लहान होत जातो. दगड ओला. वरून इंजनाचा आवाज येतो तो वरच्यासारखा नसतो. वर तो कानात असतो, खाली छातीत. आपण खाली असताना वरचा माणूस काय करतोय ते दिसत नाही. फक्त पाईप दिसतो. तेवढ्यावर भरवसा ठेवायचा.

दगडाला हात लावला. तात्या लावतात तसा.

"पाईप धर!" वरून आवाज. "तोंडावर धर!"

नळ उघडला गेला. हवा आली, जोरात, डोळे मिटले. मी नाकानं ओढली. एकदा. दोनदा. मला रडू येत होतं आणि त्याचा राग येत होता. कुणावर ते लिहायला इथं जागा आहे, पण नाव एकच येतं.

वरून तात्या ओरडले, "ए पाटोदा! कशाचा वास येऊन राहिला?"

मी परत ओढली. नीट ओढली.

"कशाचाच न्हाई तात्या!"

 मग त्यांचा आवाज आला.

"अर्धा तास बस मग तिथंच. बराबर अर्धा तास. मी घड्याळ बघून राहिलो."

बसलो. त्यांनी एक मिनिटही कमी केलं नाही.